घरातला विडीचा धूर: वस्तीत काम सुरू करण्याआधी

घरात विडी ओढणं थांबवायचं असेल, तर पोस्टर छापायची घाई करू नका. आधी आठ-दहा घरांत बसा, पण सून आणि सासरे यांच्याशी वेगवेगळं बोला. सासऱ्यांसमोर सून विडीबद्दल अवाक्षर काढणार नाही. घराचा कच्चा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्या आणि कोण, कुठे, किती वाजता ओढतं त्या खुणा करा. पहाटेची आणि जेवणानंतरची विडी हमखास घरातच निघते.

‘खिडकी उघडतो, पंखा लावतो’ हे उत्तर स्वीकारू नका. त्याने धूर पूर्ण जात नाही, कपड्यांवर आणि अंथरुणावर बसतो तो वेगळाच. ओढायची जागा घराबाहेर हवी. ती ओढणाऱ्यांनीच निवडावी: बाकडं, राखेचा डबा, वर पत्रा. पत्रा विसरलात तर पावसाळ्यात सगळे परत आत. चाळीत गॅलरी चालत नाही, धूर शेजारच्या खिडकीत शिरतो.

ही सोय दोन आठवडे चार घरांत करून बघा, मग गरजेप्रमाणे ती बदला. २००३ चा तंबाखू कायदा खासगी घराला लागू नाही, त्यामुळे दंडाची भीती घालू नका. सोडायचीच असेल त्याला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक द्या. आणि हो, मिशरी भाजण्याचा धूरही मोजा. तो सगळे विसरतात.