डब्लिनहून एका दिवसात आयर्लंडमधलं बर (Birr) हे गाव पाहून होतं का? तिथल्या जुन्या, प्रचंड दुर्बिणीशिवाय तिथे काय आहे?

गाडी असेल तर आरामात होतं. अंतर साधारण १३० किलोमीटर, वेळ दोन तास. बरला रेल्वे नाही. टलामोरपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. परतीच्या बसची वेळ आधीच पाहून ठेवा.

सकाळी थेट बर कॅसलच्या बागेत शिरा आणि निम्मा दिवस तिथेच द्या. तिकीट बाग, दुर्बीण आणि विज्ञान-दालनाचं असतं. वाड्यात पार्सन्स घराणं (म्हणजे अर्ल ऑफ रॉसचं कुटुंब) अजून राहतं, त्यामुळे आतला फेरफटका उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशीच, वेगळ्या बुकिंगने.

दुर्बीण १८४५ ची, तिसऱ्या अर्ल ऑफ रॉसने बांधलेली. आरसा ७२ इंची; १९१७ पर्यंत याहून मोठी दुर्बीण जगात नव्हती. 'एम ५१' दीर्घिकेचा सर्पिल आकार पहिल्यांदा इथूनच दिसला. या दुर्बिणीतून तारे पाहायला मिळतील या आशेने मात्र जाऊ नका. नळी दोन उंच दगडी भिंतींमध्ये अडकवलेली आहे. ती वर-खाली हवी तेवढी फिरते, बाजूला फारच थोडी. म्हणजे एखादा तारा दक्षिणोत्तर रेषा ओलांडत असताना जो काही वेळ मिळेल तेवढाच. शिवाय मूळ आरसा तांबं-कथलाचा, दमट हवेत काळवंडणारा. म्हणून दोन आरसे ठेवलेले. एक वापरात, दुसरा पॉलिशला. आज दिसते ती १९९० च्या दशकातली दुरुस्ती, आरसा ॲल्युमिनियमचा. या अर्लचा धाकटा मुलगा चार्ल्स म्हणजे वाफेच्या टर्बाइनचा जनक. त्याची आई मेरी छायाचित्रकार होती. विज्ञान-दालनात तिचं काम न चुकता पाहा.

गावात ऑक्समनटाउन मॉलवरची जॉर्जियन घरं पाहायला अर्धा तास पुरे. वाचनालयात मॅकरेगोल गॉस्पेल्स या बायबलमधल्या शुभवर्तमानांच्या हस्तलिखिताची प्रतिकृती आहे. सुमारे ८०० सालचं मूळ हस्तलिखित ऑक्सफर्डला गेलंय. त्याच्याही आधी, ६९७ मध्ये, युद्धात बायका-मुलांना हात लावू नये असा कायदा बरच्या धर्मसभेत झाला होता. हे फलकांवर चटकन सापडत नाही, म्हणून सांगितलं.

वेळ उरला तर गावाबाहेर क्रिंकिल. इथे ब्रिटिश सैन्याच्या लेन्स्टर रेजिमेंटचं ठाणं होतं, १९२२ मध्ये जाळलेलं. आपल्याकडच्या इतिहासवेड्यांसाठी: या रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणजे पूर्वीची १०९ वी बॉम्बे इन्फन्ट्री, १८५८ मध्ये ह्यू रोझबरोबर झाशीवर चालून गेलेल्या कंपनीच्या गोऱ्या पलटणीतून आलेली. ठाण्याच्या भिंतीच काय त्या उरल्यात, त्यामुळे एवढ्यासाठी वाट वाकडी करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.