मागची बाजू जपून ठेवा

प्रश्न : माझ्या दिवंगत आत्याच्या सामानात पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तपकिरी छटेचे एक जुने छायाचित्र सापडले. त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, पुसट शिक्का आणि अर्धवट सोललेली चिठ्ठी आहे. पुठ्ठा खराब झाल्यामुळे तो काढून छायाचित्र नव्या चौकटीत बसवावे असा विचार आहे. हे मूळ प्रिंट आहे का आणि ते पूर्वी कोणाकडे होते, हे कसे कळेल?

उत्तर : कृपया तो पुठ्ठा काढू नका. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्याच्याच पाठीवर लिहिलेला असण्याची शक्यता आहे.

भिंग लावून उजळ भागाकडे पाहा. कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील आणि कागद अतिशय पातळ असेल, तर ते अल्ब्युमेन प्रिंट असू शकते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला हा कागद 1850 मध्ये प्रचारात आला. तो गुंडाळला जात असल्याने पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागे, म्हणून पुठ्ठा हा त्या वस्तूचाच भाग समजावा. तंतू दिसत नसतील आणि गडद भागाच्या कडांना निळसर, धातूसारखी चकाकी असेल, तर ते बहुधा जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, म्हणजे जिलेटिनच्या थरातील चांदीच्या कणांनी प्रतिमा उमटलेले प्रिंट आहे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर तो साधारणपणे 1950 नंतरचा मानतात, कारण त्या सुमारास कागदात उजळक द्रव्ये मिसळू लागले. अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइन 1940 मध्ये निवर्तले, तरी त्यांनी स्वतः केलेली म्हणून विकली गेलेली काही प्रिंट याच कसोटीवर संशयास्पद ठरली. जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेले प्रिंट मात्र खोटे नसते; फक्त ते कधी काढले हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मालकीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. शिक्का दिसला की तो मालकाचाच, असे धरून चालू नये. तो छायाचित्रकाराचा असेल, संग्राहकाचा असेल किंवा वृत्तसंस्थेचा. आणि वृत्तसंस्था कित्येकदा प्रिंट परत करण्याच्या अटीवरच छापायला देत, त्यामुळे असा शिक्का उलट मालकीबद्दल शंका निर्माण करतो. पेन्सिलीचा क्रमांकही निगेटिव्हचा, संग्रहातील नोंदीचा किंवा लिलावातील असू शकतो. दिवा बाजूने तिरका धरून मागच्या बाजूचे फोटो काढा. दाबून लिहिलेली पण पुसली गेलेली अक्षरे अशा प्रकाशात पुष्कळदा वाचता येतात. चिठ्ठीचा उरलेला तुकडा सोलू नका.

मालकीची साखळी, म्हणजे प्रिंट कोणाकडून कोणाकडे गेले याची नोंद, पूर्ण असली म्हणजे काय होते, हे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांच्या 1904 मधील चांदण्यातल्या तळ्याच्या छायाचित्रावरून दिसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे त्याचे एक प्रिंट छायाचित्रकार व संग्राहक आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्याकडून 1933 मध्येच आले होते. पुढे गिलमन या छायाचित्रसंग्रहाबरोबर त्याच छायाचित्राचे दुसरे प्रिंटही आले, तेव्हा संग्रहालयाने ते 2006 मध्ये लिलावात काढले आणि त्याला 29 लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. प्रिंट कोणाकडून कोणाकडे गेले हे तिथे नोंदलेले होते.

आपल्याकडची साखळी आजपासून मागे लिहीत जा : छायाचित्र कोणत्या पेटीत, कोणत्या वस्तूंबरोबर, कोणत्या तारखेला सापडले, आणि आत्याने त्याबद्दल कोणाला काय सांगितले होते. ऐकीव माहितीपुढे ती ऐकीव असल्याचे लिहा. मधली वर्षे ठाऊक नसतील, तर ती जागा कोरी सोडा. अंदाजाने भरलेले नाव पुढच्या वाचणाऱ्याला पुरावा वाटते. ही नोंद वेगळ्या कागदावर करा, प्रिंटच्या पाठीवर नव्हे, आणि पुठ्ठ्याचे काम छायाचित्र-संवर्धकाकडे सोपवा. तोपर्यंत ते आम्लमुक्त कागदाच्या घडीत, आडवे ठेवा.