क्लोंडाइकचा जुना अल्बम हाती आला असेल तर

क्लोंडाइक म्हणजे कॅनडाच्या वायव्येतला तो भाग, जिथे १८९६ नंतर सोन्यासाठी झुंबड उडाली. त्या काळचा फोटो अल्बम असेल, तर आधी एक पथ्य पाळा: फोटो पानावरून उचकटू नका. मागे काय लिहिलंय हे बघायची उत्सुकता समजते, पण काळं पान ठिसूळ झालेलं असतं आणि फोटोचा कोपरा हमखास जातो. अख्खं पान मथळ्यांसकट स्कॅन करा. फोटोंचा क्रमही पुरावाच असतो.

सगळे फोटो मालकानेच काढलेत असं धरून चालू नका. क्लोंडाइकच्या वाटेवरच्या चिलकूट खिंडीत बर्फाच्या पायऱ्या चढणारी माणसांची काळी रांग दिसली, की लगेच कोपऱ्यावर भिंग धरा. पांढऱ्या अक्षरांत नंबर, मथळा किंवा ‘हेग’ असं नाव असेल, तर तो बहुधा विकतचा प्रिंट. एरिक हेगसारखे व्यावसायिक फोटोग्राफर असे प्रिंट विकायचे. १८९७-९८ च्या त्या हिवाळ्यात खिंडीत पाऊलही न टाकलेल्यांकडे ते असू शकतात. मला विचाराल तर खरा ऐवज म्हणजे मधले लहान, जरा हललेले, बिननावाचे फोटो.

काळ ठरवायला रेल्वे शोधा. अलास्कातल्या स्कॅगवे बंदरातून व्हाइट पास या खिंडीमार्गे रूळ टाकायला १८९८ मध्ये सुरुवात झाली आणि १९०० मध्ये कॅनडातल्या व्हाइटहॉर्सपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. मालक डब्यात ऐटीत बसलेला असेल, तर तो सोनं शोधायला गेलेल्यांच्या पहिल्या लाटेतला नसावा. समुद्रकिनारी तंबूच तंबू दिसले तर अलास्कातल्या नोम या सोन्याच्या दुसऱ्या ठिकाणाचा विचार करा. क्लोंडाइकचं मुख्य गाव डॉसन समुद्रकाठी नाही, नदीकाठी आहे.

मथळे मात्र पडताळून घ्या, ते बऱ्याचदा नंतर आठवून लिहिलेले असतात. तुमच्या नोंदी वेगळ्या वहीत करा, अल्बमवर नको.