नोकरी सांभाळून नाशिकमधून लोकप्रशासनात पीएचडी करता येईल का? आधी विषय ठरवावा की मार्गदर्शक?

जिल्हा परिषदेतली नोकरी न सोडता पीएचडी होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल. पण मार्गदर्शकाच्या आधी विषय, आणि विषयाच्याही आधी कागद. ज्या नोंदींवर प्रबंध उभा राहायचा, त्या हाती लागणार आहेत का ते पाहा.

नियमांचं थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत. अर्धवेळ पीएचडीला कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याची फाईल आजच हलवा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीच्या जाहिरातींच्या नादी लागू नका, ती ग्राह्य नाही. मुदत किमान ३, कमाल ६ वर्षं. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) नसेल तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण प्रवेशाला एकच वर्ष चालतात, आणि त्याच वर्षात मार्गदर्शकाकडे जागा रिकामी असावी लागते. प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी, त्यापलीकडे नाही. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे स्पष्ट विचारा, त्यात उद्धटपणा नाही.

आता विषय. ‘नाशिक जिल्ह्यातील पंचायत राज: एक अभ्यास’ असले आराखडे संशोधन समितीपुढे टिकत नाहीत, कारण त्यात प्रश्नच नसतो. त्याऐवजी असं बघा: पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला पैसा, मिळतो. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत हा पैसा कशावर खर्चायचा हे खरोखर ग्रामसभा ठरवते, की कामांची यादी वरून येते? हा प्रश्न तपासता येतो. ग्रामसभेचं इतिवृत्त, कोष समितीचं (ग्रामसभेचा पैसा सांभाळणाऱ्या समितीचं) पासबुक, झालेल्या कामाची मापं नोंदवणारी मोजमाप पुस्तिका आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, हे चार कागद एकाच कामासाठी शेजारी ठेवले की तारखाच बोलू लागतात. ठरावाच्या आधी अंदाजपत्रक झालेलं दिसलं, तर तिथे तुमच्या प्रबंधाचं प्रकरण सुरू होतं.

आठ-दहा ग्रामपंचायती पुरेत. संख्या वाढवली की मुलाखती उथळ होतात, आणि भात लावणीच्या दिवसांत पाड्यावर कुणी भेटत नाही.

संशोधनाचा आराखडा सादर करण्याआधीच दोन ग्रामपंचायतींत नोंदी मागून बघा. नाही मिळाल्या तर माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असं न लिहिता वर्ष, गाव आणि नोंदवहीचं नाव लिहा. उत्तराला ३० दिवस, नंतर पहिलं अपील. हा वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

एक जपायचं. तुम्ही जिल्हा परिषदेतच आहात, म्हणून टेबलावरची फाईल सरळ प्रबंधात वापरू नका. लेखी परवानगी घ्या, नाहीतर तीच नोंद माहिती अधिकारातून मिळवा. आणि ज्या तालुक्याचं काम तुमच्या टेबलाकडे आहे तो अभ्यासातून वगळा; तिथले ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) तुम्हाला संशोधक म्हणून उत्तर देणार नाहीत, साहेब म्हणून देतील.