मुलगा यंदा पहिलीला गेला. शाळेत तो निरोगी आणि सुरक्षित राहावा म्हणून आई-वडिलांनी काय करावं? जास्त विचारलं तर गुरुजींना लुडबुड वाटेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही वाटणार. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर शिक्षक आहे. विचारणाऱ्या पालकांचा मला कधी त्रास झाला नाही. काळजी वाटते ती काहीच न सांगणाऱ्यांची. लेकराचं जे घरात सगळ्यांना माहीत असतं ते शाळेला माहीत नसतं, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

आकडीचंच घ्या. फिट येणाऱ्या लेकराच्या घरचे ते लपवतात, मुलगी असली तर हमखास. पुढं लग्नाला आडवं येईल ही धास्ती असते. मग वर्गात आकडी आली की कुणी नाकाला कांदा लावतं, कुणी चप्पल, कुणी दातांत चमचा घालायला बघतं. यातलं काहीच करायचं नसतं. लेकराला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन. आधी सांगितलेलं असलं की आम्ही गोंधळत नाही, आणि आज गोळी घेतली का हेही सकाळीच विचारतो. दमा, हृदयाचा त्रास, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हेही असंच. वर्गशिक्षकाला बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत बोलायची गरज नाही.

मग तापाचं. सकाळी अंग गरम लागलं की पॅरासिटॅमॉल देऊन लेकराला पाठवून देतात. मी आईला बोल लावत नाही, कापूस वेचणीच्या दिवसांत तिचा रोज बुडतो. पण गोळीचा असर चार-सहा तासांत उतरतो. दुपारी लेकरू फणफणतं तेव्हा आई रानात आणि फोन घरी. गोळी न देता एक अख्खा दिवस ताप आला नाही, मगच पाठवा. कांजण्या असल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवर असला तर पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस घरीच ठेवा. आणि का ठेवलंय ते कळवा. आपल्याकडे गोवर निघाला की देवीचं म्हणून दाराला कडुलिंबाचा पाला लावतात आणि गप्प बसतात. पाला लावा, माझं काही म्हणणं नाही, पण आशाताईला सांगा. गोवर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच पसरत असतो. शेजारी बसणाऱ्या लेकराची लस राहिली असेल तर ते ताबडतोब कळायला हवं.

तुमच्या गावातून ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर हे त्यांनाही सांगा. दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघाले की आमची कितीतरी लेकरं आजी-आजोबांपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, येणं नाही. शाळेच्या रजिस्टरात नंबर वडिलांचा, आणि फडात तो लागत नाही. निघण्याआधी गावातल्या दोन जाणत्या माणसांचे नंबर आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर शाळेत लिहून द्या. लेकराला शाळेतून कोण नेऊ शकतं तेही नावानिशी लिहा. त्यात नाव नसलेल्या माणसाच्या हाती आम्ही लेकरू दिलं नाही तर कृपा करून रागावू नका. म्हाताऱ्या आजीला वाईट वाटतं हे मला कळतं, तरी नियम तिच्याच नातवासाठी आहे.

विजांचं मात्र एकट्यादुकट्यानं होत नाही, सगळ्या पालकांनी मिळून ठरवावं लागतं. जूनमध्ये आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून किती माणसं जातात, ते तुम्ही जाणताच. नेमकं शाळा सुटायच्या वेळेला आभाळ भरून येतं आणि वस्तीवरची लेकरं रानातून चालत घरी निघतात. पहिल्याच बैठकीत ठरवून टाका: गडगडाट ऐकू आला की लेकरं वर्गात थांबतील, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय सुटणार नाहीत. पालकांनीही तेवढ्यात मोटारसायकल काढून न्यायला येऊ नये, चिंचेखाली वाट बघत थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या.

लेकरू एकाएकी शाळा नको म्हणायला लागलं, एखाद्या माणसाचं नाव काढताच गप्प झालं, तर मारू नका, ऐकून घ्या. वाईट काही निघालं तर ते गावात बसून मिटवायचं प्रकरण नाही, माणूस कितीही मोठा असो. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांनाही. 1098 हा लेकरांच्या मदतीचा नंबर मुलाकडून पाठ करून घ्या, तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो.

शाळा व्यवस्थापन समितीत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवलेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कितीतरी गावांत बाईचं नाव कागदावर असतं आणि बैठकीला नवरा येतो. तुमच्या घरातून मुलाच्या आईला जाऊ द्या. मुलींच्या संडासाला कडी आहे का, टँकरचं पाणी ज्या टाकीत पडतं ती कधी धुतली, खिचडीचे तांदूळ निवडले का, हे तीच नेमकं विचारेल.

आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, ती तारीख आताच विचारून ठेवा. त्या दिवशी जमलं तर स्वतः हजर राहा, कारण पोटातले जंत, रात्रीचा खोकला, फळ्यावरचं न दिसणं हे पहिलीतलं लेकरू डॉक्टरांना सांगत नाही. पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात पडू देऊ नका, त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. या कार्यक्रमात पुढचे उपचार मोफत होतात, हृदयाला छिद्र निघालं तर त्याची शस्त्रक्रियासुद्धा.