‘चार्ज’ला ‘प्रभार’ सगळीकडे चालेल का?

प्रश्न अनुवाद करणाऱ्या एका वाचकाचा आहे. एकाच इंग्रजी मजकुरात ‘चार्ज’ हा शब्द पाच-सहा वेळा आला आणि दर वेळी अर्थ निराळा निघाला. अशा वेळी ‘प्रभार’ हा एकच प्रतिशब्द ठरवून सगळीकडे वापरला तर चालेल का?

नाही चालणार. ‘प्रभार’ विजेला चालतो आणि ‘प्रभारी’ या रूपात कार्यालयात चालतो. न्यायालय, तलाठी कार्यालय, अर्थसंकल्प, वीजबिल या प्रत्येक ठिकाणी मराठीने आपापला शब्द केव्हाच रुजवला आहे. तो काढून तिथे ‘प्रभार’ घातला तर त्या क्षेत्रात रोज वावरणाऱ्यालाच वाक्य कळेनासे होईल.

आधी मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी आणि पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे गाडीत माल भरणे. हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. ‘कार’, ‘कॅरी’ आणि स्पॅनिशमधून आलेला ‘कार्गो’ हे सगळे त्याच घरातले. इटालियनमधून आलेले ‘कॅरिकेचर’सुद्धा त्यातलेच, कारण व्यंगचित्रात नाक-कान वाजवीपेक्षा जास्त लादलेले असतात. म्हणजे ‘चार्ज’चा गाभा ‘लादणे’ किंवा ‘भरणे’ एवढाच आहे आणि ‘डिस्चार्ज’ म्हणजे ते उतरवणे. अर्थ ठरवताना कोणी, कोणावर, काय लादले, एवढे विचारावे. दोष लादला, कर्ज लादले, पैसे लादले की काम लादले, हे कळले की मराठी शब्द बहुधा आपोआप सुचतो.

सर्वात जास्त घोटाळे कायद्याच्या मजकुरात होतात, म्हणून तिथे जरा थांबू. आपल्याकडे ‘चार्जशीट’ आणि ‘चार्ज’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. चार्जशीट म्हणजे तपास संपल्यावर पोलिसांनी न्यायालयात दिलेला अहवाल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १९३ खाली येतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १७३ खाली होता. त्याला दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र म्हणतात आणि ते ‘दाखल’ होते. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहून, दोन्ही बाजू ऐकून, नेमके कोणते दोषारोप चालवायचे ते ठरवतात. हा खरा ‘चार्ज’, आणि तो ‘निश्चित’ होतो. बातमीत ‘आरोप निश्चिती’ असते ती हीच. ‘न्यायालयाने आरोपपत्र निश्चित केले’ असे वाक्य छापून येते तेव्हा दोन पायऱ्यांचे कडबोळे झालेले असते. ‘गुन्हा दाखल’ ही तर या दोन्हींच्या आधीची, प्रथम खबर अहवालाची पायरी. इंग्लंडमधल्या बातमीत पोलिसांनी एखाद्याला ‘चार्ज’ केले असेल तर तिथे तपास बराच पुढे गेलेला असतो. त्याचे भाषांतर ‘गुन्हा दाखल केला’ असे केले तर खटला दोन पावले मागे जातो. तिथे ‘अधिकृत दोषारोप ठेवला’ असे लिहावे.

‘आरोप’ हा शब्द मराठीत सैल आहे. सभेत विरोधकावर केलेलाही आरोप आणि न्यायालयाने ठेवलेलाही आरोपच. इंग्रजीत पहिल्याला ‘अ‍ॅलिगेशन’ आणि दुसऱ्याला ‘चार्ज’ असा भेद करता येतो. तो भेद महत्त्वाचा असेल तिथे ‘दोषारोप’ वापरावा. महाराष्ट्रातल्या कायद्याच्या मराठीत तो रुळलेला आहे.

‘डिस्चार्ज’ त्याहून अवघड. खटला उभा राहण्यापूर्वीच पुरेसा आधार नाही म्हणून न्यायालय आरोपीला सोडते, तो डिस्चार्ज. साक्षीपुरावे होऊन निर्दोष ठरवते, ती ‘अ‍ॅक्विटल’. मराठी वृत्तपत्रे पहिल्याला ‘दोषमुक्त’ आणि दुसऱ्याला ‘निर्दोष मुक्तता’ म्हणतात. हिंदी कायद्यात मात्र ‘दोषमुक्ति’ म्हणजे अ‍ॅक्विटल, आणि डिस्चार्जला ‘उन्मोचन’. हिंदी मजकुरावरून मराठी करणाऱ्याने ‘दोषमुक्त’ तसाच उचलला तर निकालाचा अर्थच बदलतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही. निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, पण डिस्चार्ज म्हणजे अ‍ॅक्विटल नव्हे, असा खुलासा संहितेतच केलेला आहे. त्यामुळे नवा पुरावा मिळाला तर डिस्चार्ज झालेल्याविरुद्ध पुन्हा कारवाई होऊ शकते. त्याच शब्दाचा दवाखान्यातला अर्थ मात्र सोपा: ‘घरी सोडले’. रुग्णाला ‘मुक्त केले’ असे लिहू नये.

आता मालमत्तेवरचा ‘चार्ज’. याला मराठीत ‘बोजा’ म्हणतात, आणि माझ्या मते या सगळ्या प्रतिशब्दांत सर्वात चोख शब्द हाच आहे. लॅटिन गाडीवानाला जे म्हणायचे होते तेच तलाठ्याच्या दप्तरात आले आहे. बँकेचे कर्ज घेतले की सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो. फेडल्यावर बँकेकडून बेबाकीचा, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला आणायचा, अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर झाला की बोजा कमी होतो. कर्ज फिटले की बोजा आपोआप उतरत नाही, त्याची वेगळी नोंद व्हावी लागते. जमीन विकायला काढल्यावर अनेकांची अडचण इथेच होते.

कायद्याच्या काटेकोर भाषेत मात्र ‘बोजा’ जरा रुंद आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये कलम ५८ गहाणाचे आहे आणि कलम १०० ‘चार्ज’चे. गहाणात मिळकतीतला काही हितसंबंध धनकोकडे जातो. ‘चार्ज’मध्ये हितसंबंध जात नाही, मिळकत फक्त रकमेच्या फेडीसाठी तारण राहते. सातबारावर दोन्ही ‘बोजा’ म्हणूनच लागतात. सोसायटीच्या पीककर्जाला मात्र वेगळे नाव आहे: ‘इकरार’. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली सभासद आपल्या जमिनीवर संस्थेचा ‘चार्ज’ असल्याचे लिहून देतो, तो इकरार. तेव्हा करारनाम्याचे भाषांतर करताना आधी पाहावे: गहाण असेल तर ‘गहाण’, इकरार असेल तर ‘इकरार’, आणि दोन्ही मिळून सामान्य अर्थ असेल तर ‘बोजा’. खरेदीखतातले ‘निर्वेध व निजोखमी’ हे जुने शब्दही याच कुळातले. मिळकतीवर कसलाही बोजा नाही, असे त्यांतून सांगायचे असते.

अर्थसंकल्पातला ‘चार्ज्ड’ फार कमी जणांना ठाऊक असतो. संविधानाच्या अनुच्छेद ११२(३) मध्ये केंद्राच्या आणि २०२(३) मध्ये राज्याच्या संचित निधीवर कोणते खर्च ‘चार्ज्ड’ आहेत ते दिले आहे: राष्ट्रपती व राज्यपालांची वेतने, न्यायाधीशांचे पगार, कर्जावरचे व्याज, न्यायालयाच्या हुकूमनाम्याची रक्कम. यांवर सभागृहात चर्चा होते, मतदान होत नाही. मराठी अर्थसंकल्पीय पुस्तकांत मागण्यांपुढे ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ असे दोन शब्द असतात. दत्तमत म्हणजे मत देऊन मंजूर करायचा खर्च, भारित म्हणजे निधीवर आधीच भार म्हणून टाकलेला. ‘आकारलेला खर्च’ असे केले की हा सगळा घटनात्मक अर्थ हरवतो.

‘आकार’ हा शब्द त्याच्या जागी अस्सल आहे. महावितरणचे बिल घ्या: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. यांतला प्रत्येक ‘आकार’ म्हणजे इंग्रजीतला एकेक ‘चार्ज’. जमीन महसुलात ‘आकारणी’ फार आधीपासून आहे. सातबारावर आकारणी आणि बोजा हे दोन्ही शब्द आहेत, म्हणजे इंग्रजी ‘चार्ज’चे दोन वेगळे अर्थ एका कागदावर दोन वेगळ्या शब्दांत नांदतात. पैशांच्या अर्थाने क्रियापद हवे असेल तर ‘आकारणे’. नाम हवे असेल तर प्रसंग पाहून शुल्क, आकार, भाडे, फी, हमाली. सरचार्ज म्हणजे ‘अधिभार’. ‘फ्री ऑफ चार्ज’ विनामूल्य, पण ‘क्लिअर्ड ऑफ ऑल चार्जेस’ म्हणजे सगळ्या आरोपांतून सुटका. एकवचन आणि अनेकवचनावर नजर ठेवली तर ही चूक टळते, आणि ‘चार्ज’नंतर येणारे शब्दयोगी पाहिले तर बाकीच्याही बऱ्याच चुका टळतात. ‘चार्ज्ड विथ’ असेल तर आरोप किंवा सोपवलेली जबाबदारी, ‘चार्ज्ड टू’ असेल तर कोणाच्या तरी खात्यावर टाकलेली रक्कम, ‘चार्ज्ड फॉर’ असेल तर कशाचे तरी घेतलेले पैसे.

कार्यालयात पदाचा ‘चार्ज’ घेतला म्हणजे ‘पदभार स्वीकारला’, आणि दुसऱ्याचे काम जास्तीचे सांभाळायला दिले तर ‘अतिरिक्त कार्यभार’. महाविद्यालयात मात्र ‘कार्यभार’ म्हणजे आठवड्याच्या तासिकांचे ओझे, इंग्रजीतले ‘वर्कलोड’. प्राध्यापकांबद्दलच्या मजकुरात म्हणून ‘पदभार’ किंवा ‘प्रभार’ जास्त सुरक्षित. ‘प्रभारी’ला मराठीत तात्पुरतेपणाचा वास आहे. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हणजे कायम नेमणूक नसलेला, तर इंग्रजी ‘इन-चार्ज’ कायमचा प्रमुखही असू शकतो. तसा असेल तर सरळ ‘प्रमुख’ लिहावे. आणखी एक खड्डा: परिचारिका रुग्णाच्या ‘इन चार्ज ऑफ’ असते, रुग्ण परिचारिकेच्या ‘इन द चार्ज ऑफ’ असतो. एका ‘द’ने सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. दाईच्या ‘चार्जेस’ म्हणजे तिच्याकडे सांभाळायला दिलेली मुले. तिथे पैशांचा काही संबंध नाही.

विजेकडे हा शब्द बंदुकीच्या वाटेने आला. बंदुकीत एका वेळी ठासायची दारू म्हणजे ‘चार्ज’. मराठीत तिला ‘बार’ म्हणतात. फारसीतही ‘बार’ म्हणजे ओझेच. अठराव्या शतकात विजेचा साठा करणाऱ्या लायडन बरण्या आल्या आणि ‘भरणे’ व ‘उडवणे’ ही तोफखान्याची भाषा त्यांना लागली. बेंजामिन फ्रँकलिनने अनेक बरण्यांच्या जोडणीला ‘बॅटरी’ म्हटले, तेही तोफांच्या रांगेवरूनच. मराठी विश्वकोशात ‘विद्युत् भार’ आहे, बालभारतीच्या पुस्तकांत ‘विद्युतप्रभार’. मला दुसरा पटतो, कारण विजेच्या व्यवहारात ‘भार’ म्हणजे ‘लोड’: वीजबिलावर ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये छापलेला असतो. दोन्हींना एकच शब्द दिला तर विद्यार्थी कुलोम (प्रभाराचे एकक) आणि किलोवॅट एकत्र करतील.

असा गोंधळ बाजारात रोज होतो. फोनच्या बॅटरीवरचे मिलिअँपिअर-तास हे प्रभाराचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. ५,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १८,००० कुलोम. २०,००० च्या पॉवर बँकेने ५,००० चा फोन ४ वेळा पूर्ण भरेल असे वाटते, पण प्रत्यक्षात साधारण ३ वेळाच भरतो. आतल्या सेलचा आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो, बाहेर ५ व्होल्ट द्यायचे असतात, शिवाय व्होल्टेज बदलताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. तुलना करायची तर ऊर्जेचे माप, म्हणजे वॅट-तास, पाहावेत: पॉवर बँकेत सुमारे ७४, फोनमध्ये सुमारे १९, आणि त्यातून घट वजा.

रोजच्या बोलण्यात ‘मोबाइल चार्ज केला’ हेच राहू द्यावे. तिथे ‘प्रभारित केला’ कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. ‘भारणे’ आपल्याकडे आहे, पण त्याचे क्षेत्र वेगळे: अंगारा भारतात, ताईत भारतात, गाण्याने श्रोते भारले जातात. म्हणून ‘इमोशनली चार्ज्ड’ला ‘भावनांनी भारलेले’ शोभते. दंगलीआधीचे ‘चार्ज्ड अ‍ॅटमॉस्फिअर’ मात्र ‘भारलेले’ नव्हे. ते ‘तापलेले’ किंवा ‘तणावाचे’. ‘भारलेले’त मोहिनी आहे, भीती नाही.

उरला हल्ल्याचा ‘चार्ज’: सगळा भार घेऊन शत्रूवर तुटून पडणे. घोडदळाच्या ‘चार्ज’ला बखरींच्या वळणाने ‘चालून जाणे’ किंवा ‘एल्गार’ म्हणता येते. किल्ल्यावरच्या निर्वाणीच्या चढाईला ‘सुलतानढवा’ हा खास शब्द आहे, तो घोडदळाला लावू नये. पोलिसांच्या बाबतीत ‘लाठीचार्ज’ समजतो, पण मराठी शब्द ‘लाठीमार’. ‘लाठीहल्ला’ लिहिताना मात्र जपावे, कारण ‘हल्ला’ म्हटले की कारवाई बेकायदा होती असा निवाडा वाक्यात शिरतो. ‘लाठीमार’ने फक्त काय घडले तेवढेच कळते.