झडप बदललेली, हिरड्यांतून रक्त : स्केलिंग करावं का?

प्रश्न : आईचं वय ५४. हृदयाची माइट्रल झडप काढून धातूची बसवली आहे, रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू आहे. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तिने ब्रश सोडला आणि बोटाने मिशेरी लावू लागली. डेंटिस्ट स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढणं, करा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, झडपवाल्यांनी दातांना हात लावू देऊ नये. — एक वाचक, जि. सांगली

उत्तर : स्केलिंग करून घ्याच. ते टाळण्यातच जास्त धोका आहे. हिरडीच्या कडेला साचलेल्या थरात स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू असतात. हिरडी सुजलेली असली की नुसतं घास चावतानाही ते रक्तात शिरतात. एरवी शरीर त्यांचा लगेच निकाल लावतं, पण कृत्रिम झडपेवर ते चिकटून वाढू शकतात. हाच एंडोकार्डायटिस. यात झडप निकामी होते, जंतूंच्या गाठीचा तुकडा मेंदूत गेला तर पक्षाघात होतो.

ब्रश सोडल्याने थर साचतो, सूज वाढते आणि रक्त आणखी येतं. मिशेरी म्हणजे तंबाखूच. ती आजच बंद करा. मऊ ब्रश हिरडीच्या रेषेशी ४५ अंशांत तिरपा धरून तिथल्या तिथे हलका हलवायचा, दिवसातून दोनदा, दर वेळी २ मिनिटं. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहून जाते. तिथेच लाळग्रंथी उघडतात, त्यामुळे सर्वांत जास्त कीटणही तिथेच धरतं, आणि एकदा घट्ट झालेलं कीटण ब्रशने निघत नाही.

डेंटिस्टकडे जाण्याआधी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्तचाचणी) तपासा, शक्यतो आदल्याच दिवशी. तो फार वाढला असेल तर हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताचं तेही एक कारण असू शकतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरली तर जिवावर बेतेल. हिरडीचं रक्त दाबून धरून थांबवता येतं.

कृत्रिम झडप असताना स्केलिंगआधी अँटिबायोटिक लागतंच. मोठ्या माणसाला अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ४ कॅप्सूल एकदम, कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी. पुढे कोर्स नाही. घ्यायचं राहून गेलं तर काम झाल्यावर २ तासांच्या आत चालतं. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असल्यास अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम हा एक पर्याय. क्लिंडामायसिन अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ पासून या कामासाठी वगळलं आहे. दोन बैठका लागणार असतील तर मध्ये किमान १० दिवस जाऊ द्या.

चिठ्ठीवर मेट्रोनिडॅझोल असेल तर तिथेच विचारा. दातांच्या दुखण्यावर ते सर्रास दिलं जातं, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत आयएनआर झपाट्याने चढवतं. दुखलं तर पॅरासिटामॉल; डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको.

आणि पुढच्या काही आठवड्यांत कधीही ताप आला, रात्री घाम येऊ लागला, तर गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक आणून देऊ नका. आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का आणि कोणते, याची तपासणी. दोन गोळ्या जरी पोटात गेल्या तरी कल्चरमध्ये जंतू न सापडण्याची शक्यता वाढते, आणि मग औषध अंदाजाने निवडावं लागतं.

प्रश्न : भावाची झडप संधिवातज्वराने अरुंद झाली आहे, ऑपरेशन नाही. दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू आहे. दाढ काढण्याआधी वेगळं औषध लागेल?

उत्तर : नुसत्या अरुंद झडपेसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन २००७ पासून ते सुचवत नाही. भावाला पूर्वी एंडोकार्डायटिस झाला असेल तर मात्र लागतं. अशा वेळी इंजेक्शनच्या भरवशावर राहू नका. ते संधिवातज्वर परतू नये म्हणून असतं. सतत पेनिसिलीन मिळाल्याने तोंडातले जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून अमॉक्सिसिलिनऐवजी अझिथ्रोमायसिनसारखं वेगळ्या गटातलं औषध देतात. इंजेक्शन चालू असल्याचं डेंटिस्टला आधीच सांगा.